अरब देशांतला शाश्वत विकास: पाण्याचा ताळेबंद

पाटकरी (धागाकर्ता)

शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे २०१५ साली ठरली, मुदत २०३०ची. अरब लीगमध्ये २२ देश आहेत. सोमालिया, येमेन आणि संयुक्त अरब अमिराती यांची एकत्र सरासरी काढून कोणाच्याच हाती काही लागत नाही. म्हणून हा धागा एकाच गोष्टीपुरता ठेवू या: पाणी, आणि त्याला लागणारी वीज. या भागात शेती, आरोग्य, शहरे, उद्योग, काहीही घ्या, गाडी शेवटी पाण्यापाशीच अडते.

सहाव्या उद्दिष्टातले दोन निर्देशांक शेजारी ठेवून पाहा. घरात नळाने स्वच्छ पाणी येते का, यात आखाती देश शंभराला टेकलेले. दुसरा ६.४.२, पाण्याचा ताण. देशात दरवर्षी नव्याने भरणारे गोडे पाणी घ्यायचे, त्यातून नद्या-पाणथळींसाठी राखायचा वाटा वजा करायचा आणि उरलेल्याच्या किती टक्के उपसा होतो ते पाहायचे. १००च्या वर गेलात म्हणजे ठेव मोडून खाताय. सौदी अरेबिया ९००च्या वर आहे, कुवेत ३,०००च्या वर. समुद्राचे गोडे केलेले पाणी या उपशात धरत नाहीत, हे लक्षात असू द्या. म्हणजे हा सगळा भार जवळपास भूजलाचा, आणि तेही हजारो वर्षांपूर्वी मुरलेल्या, पुन्हा न भरणाऱ्या पाण्याचा.

माझे म्हणणे एवढेच, की पाणी तयार करण्यात या देशांनी केलेली प्रगती खरी आहे, तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पाणी मोजण्यात आणि त्याचा दर लावण्यात मात्र ते अजून सुरुवातीलाच आहेत. ज्यांना यंत्रातले, शेतीतले, नळयोजनेतले ठाऊक आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावे.

---

बाष्पक

विजेचा हिशेब आधी मांडतो, त्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

खुल्या महासागरात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात, आखातात ४० ते ४५. आरओ प्रकल्पात दाब देऊन पाणी मेंब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या बारीक पडद्यातून ढकलतात. १०० लिटर समुद्राचे पाणी घेतले की गोडे साधारण ४० लिटर मिळते. सगळे मीठ उरलेल्या ६० लिटरमध्ये राहते, म्हणजे तिथे ४५चे ७५ ग्रॅम होतात. एवढ्या घट्ट पाण्याचा परासरणदाब (पडद्यापलीकडचे गोडे पाणी आपल्याकडे ओढण्याचा जोर) ६० बारच्या आसपास जातो. त्यावर मात करायची तर पंपाने ६५ ते ७० बार द्यायला हवेत.

एक घनमीटर पाण्याचा दाब एक बारने वाढवायला ०.०२७८ युनिट वीज लागते. एक घनमीटर गोड्या पाण्यासाठी अडीच घनमीटर आत घ्यावे लागते. ६५ गुणिले २.५ गुणिले ०.०२७८, म्हणजे साडेचार युनिट. पंपाची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर ५.१.

खरी बचत इथून पुढे आहे. बाहेर पडणारे दीड घनमीटर खारे पाणी जवळपास तेवढ्याच दाबाने बाहेर येते. पूर्वी तो दाब झडपेवर मारून टाकायचे. आता प्रेशर एक्स्चेंजर बसवतात. सिरॅमिकचा रोटर फिरतो, एका बाजूने खारे पाणी आपला दाब आत येणाऱ्या ताज्या पाण्याला देते, ९५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत मिळते. मुख्य पंपाला मग फक्त एकाच घनमीटरचा भार राहतो: २ युनिट, बूस्टर पंप धरून २.३. समुद्रातून उचलणे, गाळणे आणि टाकीपर्यंत ढकलणे यांचे आणखी एक युनिट. एकूण ३.३च्या आसपास.

जुन्या पद्धतीत पाणी टप्प्याटप्प्याने कमी दाबाखाली उकळून वाफ थंड करतात. उष्णतेचे विजेत रूपांतर करून मोजले तर घनमीटरला दहा युनिटांच्या वर जाते. त्याहून मोठा दोष हा, की हे प्रकल्प वीजकेंद्राच्या वाफेवर चालतात. हिवाळ्यात एसी बंद, विजेची मागणी निम्म्यावर. पण पाणी तर रोज हवे, म्हणून वीजकेंद्र चालूच ठेवावे लागते. आरओने ही गाठ सुटली. अबुधाबीच्या तवीला प्रकल्पाची क्षमता रोज ९,०९,२०० घनमीटर आहे, आणि तो आरओवरचा आहे. सौदीचा रास अल खैर दोन्ही पद्धतींचा मिश्र, रोज दहा लाख घनमीटरच्या वर. बराकाच्या चार अणुभट्ट्या (प्रत्येकी १,४०० मेगावॅट, चौथी २०२४मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू) आणि सौर वीज आल्यावर अमिरातीत पाणी वायूच्या केंद्रापासून वेगळे करणे शक्य झाले. माझ्या मते आखातातली शाश्वततेची सर्वांत भक्कम प्रगती हीच. उंच इमारती आणि नव्या शहरांचे आराखडे तिच्यापुढे दुय्यम आहेत.

---

नवशिका

बाष्पक, छान समजले. दोन शंका. यात बिघडते कुठे? आणि ते ७५ ग्रॅमचे पाणी परत समुद्रातच सोडतात ना?

---

बाष्पक

बिघडते मेंब्रेनच्या आधी. मेंब्रेन पॉलिअमाइडचा असतो, क्लोरीन लागला की जळतो. पण समुद्रातून पाणी आणणाऱ्या नळात शिंपले आणि शेवाळ धरू नये म्हणून क्लोरीन द्यावाच लागतो. म्हणून मेंब्रेनच्या तोंडाशी सोडियम बायसल्फाइट घालून तो मारतात. यात दोन्ही बाजूंनी फटका. बायसल्फाइट कमी पडला तर मेंब्रेन खराब होऊन क्षार गळू लागतात, आणि सततचा क्लोरीन चालू ठेवला तर सेंद्रिय पदार्थांचे बारीक तुकडे होतात आणि जंतूंना आयते खाद्य मिळते. म्हणून बरेच प्रकल्प आता सतत क्लोरीन देत नाहीत, ठरावीक वेळाने मोठा डोस देतात.

गाळणीची कसोटी म्हणजे एसडीआय. ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून ठरावीक दाबाने पाणी सोडायचे आणि १५ मिनिटांत प्रवाह किती मंदावतो ते मोजायचे. ५च्या वर असेल तर मेंब्रेनवाले हमी देत नाहीत. चालवणाऱ्यांना ३च्या खाली हवा असतो.

२००८-०९मध्ये आखातात आणि ओमानच्या समुद्रात लाल भरती आली, कॉक्लोडिनियम जातीच्या सूक्ष्म शेवाळाची. वाळूच्या गाळण्या काही तासांत तुंबू लागल्या आणि अनेक आरओ प्रकल्प बंद ठेवावे लागले, काही कित्येक आठवडे. त्यानंतर या किनाऱ्यावर नव्या प्रकल्पांत गाळणीआधी डीएएफ टाकी बसवू लागले. पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात, शेवाळ त्यांना चिकटून वर तरंगते, वरची साय खरवडून काढतात. खाली बसवायला गेलात तर हे शेवाळ बसत नाही, हलके असते.

दुसरा धडा साठ्याचा. शहराकडे दोन-तीन दिवसांचेच पाणी असेल तर एक तेलगळतीसुद्धा पुरे. अबुधाबीने लिवाच्या वाळूखाली सुमारे २.६ कोटी घनमीटर गोडे केलेले पाणी मुरवून ठेवले आहे, २०१८मध्ये ते काम पुरे झाले. भरायला २७ महिने लागले. टाकीत ठेवले असते तर उन्हाने आटले असते किंवा झाकणाचा खर्च परवडला नसता.

---

क्षारपड

खाऱ्या पाण्याबद्दल लिहितो. आखात उथळ आहे, सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास, आणि होर्मुझच्या अरुंद तोंडातून पाणी बदलायला काही वर्षे जातात. त्यात नदीचे गोडे पाणी येते ते मुख्यतः शत्त अल-अरब नदीतून, तेही तैग्रिस-युफ्रेटिसवरच्या धरणांमुळे घटलेले. संपूर्ण आखाताची खारटता वाढण्यात बाष्पीभवनाचा वाटा प्रकल्पांपेक्षा कितीतरी मोठा आहे, हेही खरे. पण प्रकल्पाच्या तोंडाशी परिणाम जाणवतोच. जड पाणी तळाशी पसरते, तिथले समुद्रगवत आणि प्रवाळ गुदमरतात. उपाय ठाऊक आहेत: किनाऱ्यालगत उघडा पाट न सोडता खोल पाण्यात नळ न्यायचा, त्याच्या शेवटी वर तोंड केलेल्या अनेक नोझल बसवायच्या, म्हणजे जोराने उडून आसपासच्या पाण्यात लवकर मिसळते. खर्च वाढतो म्हणून जुन्या प्रकल्पांत हे नव्हते.

आणि बोरॉन. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेचार-पाच मिलिग्रॅम असतो. आरओच्या एका फेरीत तो पुरता अडत नाही, कारण साध्या पीएचला बोरिक आम्लावर विद्युतभार नसतो आणि ते मेंब्रेनमधून निसटते. पिण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २.४ मिलिग्रॅम, पण लिंबूवर्गीय झाडांना अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेला की पानांच्या कडा करपायला लागतात. शेतीला हे पाणी द्यायचे तर पाण्याचा पीएच वाढवून दुसरी फेरी घ्यावी लागते. मोरोक्कोच्या अगादीरजवळ श्तूकाचा प्रकल्प २०२२पासून रोज २,७५,००० घनमीटरचा, त्यातला १,२५,००० घनमीटर शेतीसाठी. टोमॅटो आणि बेरीसारख्या निर्यातीच्या पिकांना हे पाणी परवडते. धान्याला परवडत नाही, आणि परवडेल असे दिसतही नाही.

---

पाटकरी

क्षारपड, धान्याचा विषय काढलात ते बरे झाले. सौदीच्या गव्हाचा इतिहास प्रत्येक पाटबंधारेवाल्याने वाचावा.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने जागतिक भावाच्या कितीतरी पट दराने गहू खरेदी सुरू केली. जोडीला पंप, डिझेल, सेंटर पिव्हट, सगळ्यावर अनुदान. पिव्हट म्हणजे मध्ये विंधन विहीर आणि तिच्याभोवती चाकांवर फिरणारी ४०० मीटर लांबीची नळी. एका फेरीत ५० हेक्टर भिजते. कसीम, हाइल, अल जौफ या भागांत वाळवंटावर अशी हजारो हिरवी वर्तुळे उमटली. १९९२च्या सुमारास उत्पादन ४० लाख टनांवर गेले आणि सौदी अरेबिया गहू निर्यात करणाऱ्या पहिल्या काही देशांत जाऊन बसला. पाणी होते साक नावाच्या खोल भूजलथराचे, प्राचीन.

२००८मध्ये सरकारने ठरवले, स्थानिक गव्हाची खरेदी दरवर्षी १२.५ टक्क्यांनी कमी करायची आणि २०१६मध्ये थांबवायची. तशी ती थांबलीही. चूक पुढे झाली. खरेदी बंद झाली, पण विहिरीवर मीटर आले नाहीत. शेतकऱ्यांनी त्याच पिव्हटखाली दुधाच्या धंद्यासाठी लसूणघास लावला. गहू हिवाळ्यातले चार-पाच महिने पाणी पितो, घास बारा महिने. अशा हवेत घासाला वर्षाला हेक्टरी २०,००० ते ३०,००० घनमीटर लागते, गव्हाच्या तिप्पट-चौपट. मधला आकडा धरला तरी एका ५० हेक्टरच्या वर्तुळाला साडेबारा लाख घनमीटर. मग हिरव्या चाऱ्यावरही निर्बंध आणावे लागले आणि कंपन्या चारा परदेशातून आणू लागल्या, त्यासाठी अमेरिकेच्या ॲरिझोनात जमिनी घेतल्या. तिथेही भूजलच. पुढे मर्यादित प्रमाणात गहू खरेदी पुन्हा सुरू झाली, कारण गहू घासापेक्षा बरा. पिकावर बंदी घालून उपसा थांबत नाही, उपशावरच मर्यादा हवी, एवढे यातून स्पष्ट दिसते.

---

उपसा

याच मुद्द्याला जोडून मोरोक्को. २००८च्या हरित योजनेत ठिबकला ८० टक्के, लहान शेतकऱ्याला १०० टक्के अनुदान. कागदावर पाणी वाचले. सूस आणि साइस खोऱ्यांत भूजल मात्र खालीच जात राहिले.

कारण समजायला उदाहरणादाखल आकडे घेऊ. पाटाने १० भाग पाणी दिले, पिकाने ६ वापरले, १ भाग वाफ झाली, ३ भाग मुरून विहिरीला परत गेले. ठिबकने ७ भाग दिले, पिकाने ६.५ वापरले (वाढ चांगली झाली), मुरायला जवळपास काही उरले नाही. पंप ३ भागांनी कमी चालला, पण जमिनीतून कायमचे गेलेले पाणी ७चे ७ राहिले. आणि पंपातून वाचलेल्या ३ भागांत शेतकरी आणखी क्षेत्र भिजवतो, नाहीतर धान्य सोडून संत्री किंवा खजूर लावतो. पाण्याचा एकूण वापर वाढतो. उत्पन्न वाढले, रोजगार वाढला, हे मान्य. पण पाणी वाचवायला ठिबक, ही घोषणा उपशाच्या कोट्याशिवाय फोल आहे.

यात सौरपंप आला की आणखी कठीण. डिझेल पंपाला प्रत्येक तासाचा खर्च दिसतो. सौरपंप एकदा बसवला की पुढचे पाणी फुकट. येमेनमध्ये २०१५च्या युद्धानंतर डिझेल मिळेना, तेव्हा सौरपंपांनी लोकांना तगवले, आणि त्याच पंपांनी सना खोऱ्यासारख्या ठिकाणी उरलेल्या भूजलावर दिवसभर उपसा चालू ठेवला. आपल्याकडे मागेल त्याला सौर कृषी पंप योजना चालू आहे. मराठवाड्यातल्या खडकात पाणी धरणाराच थर पातळ, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

पंप देतानाच तीन अटी घालता येतात: विहिरीच्या खोलीनुसार पंपाची ताकद मर्यादित ठेवायची, प्रवाहमापक आणि तो वाचणारे सिमकार्ड पंपातच बसवायचे, आणि जादा वीज ग्रिडला विकायची सोय द्यायची, म्हणजे पाणी न उपसण्याचेही पैसे मिळतात. मोजणीला उपग्रहाचा आधार आहे. अन्न व कृषी संघटनेचे वापोर नावाचे खुले संकेतस्थळ आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या शेतांचे बाष्पोत्सर्जन दाखवते. कोणत्या तालुक्यात पिकाने खरोखर किती पाणी उडवले ते तिथे दिसते, मग मीटर बंद असला तरी फसवता येत नाही.

---

वेणू

तेल नसलेल्या देशांबद्दल कमी लिहिले जाते, म्हणून जॉर्डन घेते. माणशी वर्षाला ५०० घनमीटरच्या खाली पाणी असेल तर त्याला आत्यंतिक टंचाई म्हणतात. जॉर्डन १००च्या खाली आहे, त्यात सीरियातून आलेले लाखो निर्वासित.

अम्मानमध्ये बहुतेक भागांत पालिकेचे पाणी आठवड्यातून एकदा येते. गच्चीवर पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या टाक्या, साधारण दोन घनमीटरच्या, त्यावर आठवडा काढायचा. संपले की टँकर, कितीतरी महाग. अशा थांबून-थांबून चालणाऱ्या पुरवठ्यात नळाला दर आठवड्याला रिकामे होणे आणि एकदम दाबाखाली येणे सोसावे लागते. सांधे ढिले होतात. रिकाम्या नळात आजूबाजूचे पाणी शिरते. मीटर हवेनेही फिरतात, म्हणून लोकांचा बिलावर विश्वास राहत नाही. हिशेबात न येणारे पाणी निम्म्याच्या घरात. त्यातले निम्मे गळती, निम्मे चोरी आणि चुकीचे मीटर, असे ढोबळ धरले तरी नुसते नळ बदलून प्रश्न सुटणार नाही हे लक्षात येईल.

२०१३पासून दिसीचे पाणी येते. ३२५ किलोमीटरची जलवाहिनी, वर्षाला १० कोटी घनमीटर. पाटकरींनी सांगितलेला साक थर तोच, सीमेपलीकडे त्याला दिसी म्हणतात. सौदी आणि जॉर्डनने २०१५मध्ये करार करून सीमेलगतच्या पट्ट्यात उपसा बंद करायचे ठरवले. या पाण्यात नैसर्गिक रेडियम आहे, म्हणून ते दुसऱ्या स्रोतांच्या पाण्यात मिसळून देतात.

पुढचा टप्पा अकाबाचा. तांबड्या समुद्राचे पाणी गोडे करून वर्षाला ३० कोटी घनमीटर अम्मानला आणायचे. अम्मान बरेच उंचावर, वाटेत त्याहून उंच चढ. एक घनमीटर पाणी १,००० मीटर चढवायला २.७ युनिट, पंपाची ८० टक्के कार्यक्षमता धरून ३.४. गोडे करायला ३.३, नळातले घर्षण वेगळे. म्हणजे सात युनिटच्या आसपास. ३० कोटी घनमीटरला २१० कोटी युनिट, साधारण २४० मेगावॅट रात्रंदिवस. आणि अम्मानला पोचल्यावर नळातून निम्मे नाहीसे होणार असेल तर वापरात येणाऱ्या घनमीटरला १४ युनिट पडले! म्हणून मला वाटते, जलवाहिनीच्या आधी शहराच्या नळांचे विभाग पाडावेत. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी एक मोठा मीटर, रात्री दोन ते चार या वेळेतला प्रवाह पाहायचा. त्या वेळी कोणी पाणी वापरत नाही, तरी मीटर फिरतो ती गळती. अम्मानमध्ये टाक्या भरणे रात्रीही चालते, म्हणून तिथे आधी एखाद्या विभागाला चोवीस तास पाणी देऊन, टाक्या भरल्यावरच मोजावे लागते.

---

क्षारपड

वेणू, अस-सम्राबद्दलही लिहा की.

---

वेणू

लिहिते, कारण अरब जगातला तो माझ्या मते सर्वांत चांगला चाललेला सांडपाणी प्रकल्प आहे. अम्मान आणि झरका यांचे सांडपाणी १९८५पासून उघड्या तळ्यांत साठवत, ती तळी भार न पेलून कुजली. २००८मध्ये यांत्रिक प्रकल्प आला, २०१५मध्ये वाढवून रोज ३,६४,००० घनमीटर केला. शहर उंच, प्रकल्प खाली. म्हणून येणाऱ्या मैल्यापाण्यावरच पेल्टन टर्बाइन बसवले, बाहेर जाणाऱ्या शुद्ध पाण्यावर वेगळे टर्बाइन. गाळ हवाबंद टाक्यांत कुजवून निघणाऱ्या वायूवर इंजिने चालतात. विजेची ८० टक्क्यांच्या आसपास गरज तिथेच भागते. शुद्ध केलेले पाणी राजा तलाल धरणात जाते आणि तिथून जॉर्डन खोऱ्यातल्या शेतीला, त्यामुळे तेवढे गोडे पाणी शहराला राखता येते.

इजिप्तच्या बहर अल-बकर प्रकल्पाची तुलना करून पाहा. रोज ५६ लाख घनमीटर, २०२१मध्ये सुरू, सिनाईकडे पाणी नेण्यासाठी. पण तिथे येते ते शेतीतून निचरा झालेले पाणी, आणि प्रक्रिया गढूळपणा व जंतू काढायची आहे, मीठ काढायची नाही. हे पाणी वर्षानुवर्षे एकाच जमिनीला दिले आणि निचऱ्याचे चर खणले नाहीत तर जमीन क्षारपड होणार.

---

तप्तक्षार

सौर विजेबद्दल कोणीच सविस्तर लिहिले नाही. मोरोक्कोचा वर्झाझात प्रकल्प, एकूण ५८० मेगावॅट. बहुतेक भागात आरशांनी ऊन एकवटतात, त्या उष्णतेने वाफ करून वीज काढतात आणि थोडी उष्णता रात्रीसाठी साठवतात. नूर १ हा २०१६चा, १६० मेगावॅट, पन्हळी आरसे, तीन तासांचा साठा. नूर २ दोनशे मेगावॅट, तसेच आरसे पण सात तासांचा साठा. नूर ३ मनोऱ्याचा (भोवतालचे आरसे ऊन मनोऱ्याच्या टोकावर टाकतात), १५० मेगावॅट. उरलेले नूर ४चे, साध्या सौरपटलांचे. नूर १ वाफ थंड करायला मन्सूर अद्दहबी धरणाचे पाणी वापरतो. टीका झाली आणि नूर २ व ३मध्ये हवेने थंड करायची सोय केली. वीज थोडी घटते, पाणी वाचते. वाळवंटात हाच सौदा बरोबर.

उष्णता साठवतात ती ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेटच्या वितळलेल्या मिश्रणात. २२०-२४० अंशांच्या खाली ते गोठायला लागते, म्हणून नळांना विजेची तार गुंडाळून सतत गरम ठेवावे लागते. मनोऱ्याच्या प्रकल्पात गरम टाकी ५६५ अंशांवर असते. टाकीचा तळ तापून पसरतो, थंड होऊन आकसतो, पण वरच्या मिठाच्या वजनाने पायाला चिकटून असतो. जोडावर ताण येतो आणि चीर पडते. २०२४मध्ये नूर ३ची टाकी गळली आणि प्रकल्प दीर्घकाळ बंद राहिला. इतर देशांतल्या अशा प्रकल्पांतही हाच भाग दगा देतो. त्यामुळे आता नव्या निविदांत साधे सौरपटल आणि बॅटरी यांच्याकडेच कल आहे.

पटलांचा शत्रू धूळ आणि उष्णता. आखातात रोज ०.३ ते ०.५ टक्के उत्पादन धुळीने घटते, वादळ आले की एका दिवसात त्याच्या कितीतरी पट. पहाटेचे दव धुळीत मिसळून सिमेंटासारखा थर धरते, तो नुसत्या वाऱ्याने जात नाही. पाण्याने धुणे परवडत नाही, म्हणून रांगेच्या कडेवर चालणारे कोरड्या ब्रशाचे यंत्र रोज रात्री फिरवतात. दव पडायच्या आत फिरवायचे. ओल्यावर ब्रश फिरला की चिखल सारवला जातो. पटलाचे तापमान ६५ अंशांवर गेले तर प्रमाणित २५ अंशांपेक्षा ४० अंश जास्त, अंशामागे ०.३५ टक्के धरले तर १४ टक्के उत्पादन गेले. इजिप्तच्या बेनबानला, अस्वानजवळ, ३७ चौरस किलोमीटरवर १,४६५ मेगावॅट आहे. तिथेही दुपारी दोनचा आकडा कागदावरच्या क्षमतेपेक्षा कमी दिसतो तो यामुळे, पटले सदोष म्हणून नव्हे.

---

नवशिका

मुंबईसाठी मनोरीला रोज २० कोटी लिटरचा असाच प्रकल्प उभारायचे चालले आहे. आखातातला अनुभव तिथे किती लागू?

---

बाष्पक

२० कोटी लिटर म्हणजे २ लाख घनमीटर. रोज साडेसहा लाख युनिट वीज. मुंबईत खारटता ३५च्या आसपास, म्हणजे दाब आखातापेक्षा कमी लागेल, ५५ ते ६० बारमध्ये भागावे. अडचण गाळाची. आखाताच्या पाण्यात गाळ कमी, आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीने तळ ढवळतो, खाड्यांतून सांडपाणी येते, पावसाळ्यात नदीचा चिखल. खारटताही त्या चार महिन्यांत खालीवर होते आणि पंपाचा दाब सतत बदलावा लागतो. म्हणून आखाताचा आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. पाणी घ्यायचे तोंड किती आत आणि किती खोल, याचा निर्णय पूर्ण वर्षभराच्या गढूळपणाच्या, एसडीआयच्या आणि अमोनियाच्या नोंदींवर व्हावा. दोन-तीन हिवाळी महिन्यांच्या नमुन्यांवर गाळणी ठरवली तर जुलैत ती तुंबणार. वैतरणा-भातसाचे पाणी मुंबईला बहुतेक उताराने येते, तेव्हा विजेची तुलनाही खर्चात दिसली पाहिजे.

---

क्षारपड

ओमानचा फलज राहून गेला. डोंगराच्या पायथ्याशी मातृविहीर, तिथून अगदी थोड्या उताराचा बोगदा गावापर्यंत. पंप नाही. यातले पाच २००६पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पाणी वेळेने वाटतात: एक अथर म्हणजे साधारण अर्धा तास. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, मग मशीद आणि न्हाणी, मग खजुराच्या बागा, सर्वांत शेवटी हंगामी पिके. दुष्काळात प्रवाह घटला की अथर तोच राहतो, त्यात येणारे पाणी कमी होते, आणि हंगामी पीक त्या वर्षी पेरतच नाहीत. फलज मातृविहिरीच्या पातळीखालचे पाणी ओढूच शकत नाही, म्हणून तो थर संपवू शकत नाही. जवळ कोणी खोल बोअर मारली की मात्र तोच आधी कोरडा पडतो. बातिना किनाऱ्यावर बोअरच्या उपशाने समुद्राचे पाणी आत शिरले आणि खजुराच्या बागा वाळल्या. ओमानने विहिरींची नोंदणी आणि फलजाच्या आसपास नव्या बोअरला मनाई, असे नियम केले. ते जिथे राबवले तिथे फलज वाहते आहेत.

---

पाटकरी

फलजाला जे निसर्गाने बांधून दिले ते बोअरला कायद्याने आणि दराने बांधावे लागते, आणि तिथेच राजकारण येते. सौदीत जानेवारी २०१६मध्ये पाण्याचे दर वाढवले. बिले एकदम कित्येक पटींनी आली, लोक भडकले, एप्रिलमध्ये पाणीमंत्र्यांना हटवले. दर वाढवणे चूक नव्हते. मीटर तपासले नव्हते, घरातली गळती शोधायला वेळ दिला नव्हता, पहिला टप्पा किती लिटरांचा ते कुटुंबाच्या आकाराशी जुळवले नव्हते. क्रम असा असायला हवा होता: आधी मीटर, मग सहा महिने नव्या दराचे नमुना बिल जुन्या दरासोबत पाठवायचे, गळतीची तक्रार आली की भेट, आणि मग खरे बिल.

निविदांचे आकडे वाचतानाही हेच भान ठेवा. दुबईच्या हस्यानला घनमीटरला ०.३६५ डॉलर दर आला, तो प्रकल्पाच्या फाटकाशी. त्यात स्वस्त कर्ज, सरकारची दीर्घ मुदतीची खरेदीहमी आणि स्वस्त सौर वीज धरलेली आहे. घराच्या नळापर्यंतचा नळ, पंप, साठा, गळती त्यात नाही. वेणूंचा जॉर्डनचा हिशेब शेजारी ठेवला की फरक कळेल.

---

वेणू

आणि जिथे राज्यच कोलमडले तिथे हे सगळे तंत्र हाताशी असून उपयोगाचे राहत नाही. बसरा, २०१८चा उन्हाळा: शत्त अल-अरबचा प्रवाह घटला, समुद्राचे खारे पाणी वर चढले, त्यात सांडपाणी. लाखाच्या वर माणसे दूषित पाण्याने दवाखान्यात गेली. प्रक्रिया केंद्रे होती, पण ती गोड्या पाण्यासाठी बांधलेली, मीठ काढायची सोय नाही आणि क्लोरीनचा पुरवठा अनियमित. लिबियात डेर्नाची दोन धरणे सप्टेंबर २०२३च्या वादळात फुटली, हजारो माणसे गेली. धरणांची दुरुस्ती वर्षानुवर्षे रखडली होती.

या देशांसाठी यादी लहान ठेवावी लागते: क्लोरीनचा तीन महिन्यांचा साठा, पंपिंग स्टेशनला स्वतंत्र सौर वीज आणि बॅटरी, सुटे भाग एकाच मापाचे, धरणावर पाझर मोजायची साधी व्ही आकाराची खाच आणि ती रोज वाचून फळ्यावर लिहिणारा पगारी माणूस.

---

उपसा

पगारी माणूस, याला दुजोरा. मोरोक्कोत सूस खोऱ्यात भूजल करार झाले, शेतकरी संघटना, खोरे प्राधिकरण, सगळ्यांच्या सह्या आहेत. पण हजारो विहिरींवर नजर ठेवायला पाणी-पोलीस मूठभर. विहीर खणणाऱ्या रिगलाच परवाना आणि जीपीएस लावले तर एका खोऱ्यात काही डझन यंत्रांवर लक्ष ठेवायचे, हजारो शेतांवर नाही. आपल्याकडे २००९च्या भूजल कायद्यात रिगच्या नोंदणीचे कलम आहेच. पुढचा प्रतिसाद त्यावर लिहितो, रिगवाल्यांचे दर आणि खोलीच्या नोंदवह्या कशा ठेवतात त्यासकट.